शेजारचं विरजण

माझं खरं नाव आईवडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. आता ते फक्त लाइट बिलावर उरलंय. पनवेलपासून उरणपर्यंत कितीतरी घरांत मला ‘शीवाले काका’ म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, भाजीच्या गाडीपाशी एखादी तरुण आई लांबून हात करते आणि चारचौघांत ओरडते, “अय्या, शीवाले काका!” मग मुलाला पुढे ढकलते, “नमस्कार कर यांना. यांनी तुझी शी नेली होती.” मुलगा माझ्याकडे असा बघतो की जणू ती मी अजून परत केलेली नाही.

हसा खुशाल. मीही हसतो.

तीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवस घरात नीट बसलो. सोळाव्या दिवशी बायकोनं विचारलं, “तुम्ही आज कुठे जाणार आहात का?” त्यातला अर्थ मला कळला. नेमकं त्याच सुमारास, लहान मुलांच्या दम्यावर काम करणाऱ्या एका डॉक्टर मॅडमना घरोघर फिरून तान्ह्या बाळांच्या शीचे नमुने आणणारा जाणता माणूस हवा होता. बऱ्याच जणांनी काम ऐकूनच फोन ठेवला होता. मी हो म्हटलं, आणि त्याला कारण होतं. माझी मुलगी लहानपणी दम्यानं बेजार असायची. ती शाळेच्या सहलीला गेली की मी रजा टाकून दिवसभर टेलिफोनपाशी बसायचो, वाजलाच तर पहिल्या घंटीला उचलता यावा म्हणून. आज ती उत्तम आहे, जिने पळत चढते. पण तिच्या छातीतली ती शिट्टी माझ्या कानात अजून आहे. ती शिट्टी मुळात कुठून सुरू होते हे शोधायचं असेल, तर शीच काय, मी वाट्टेल ते उचललं असतं.

आता दमा छातीत, मग डबीत शी कशाला, हा प्रश्न प्रत्येक घरात यायचा. त्याचं उत्तर मी पाठ करून ठेवलं होतं. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं आतडं जवळजवळ कोरं असतं. मग आईकडून, दुधातून, पापे घेणाऱ्या आत्यांकडून, फरशीवरून सूक्ष्म जंतू आत जाऊन वस्ती करतात. हे जंतू भांडखोर नव्हेत, कामाचे. शरीराचा जो पहारा असतो त्याला तेच शिकवतात की कोण आपलं आणि कोण परकं. शिकवणारे आले नाहीत किंवा उशिरा आले, तर हा पहारेकरी सोसायटीच्या नव्या वॉचमनसारखा वागतो. साधी धूळ आली, मांजर आलं, की चोर समजून आरडाओरडा. तोच आरडाओरडा छातीत झाला की दमा. डॉक्टरांचा असा अंदाज आहे. दम्याला इतर कारणंही असतात, आईवडिलांकडून येतो, धुरानं, ओलीनं वाढतो. पण पहिल्या तीनेक महिन्यांत पोटात काय घडलं, याला महत्त्व असावं असं दिसतं. आणि पोटात काय घडलं हे कळायचा सगळ्यात सोपा रस्ता कोणता, ते सांगायला नको.

एवढं सांगूनही समोरचीचा चेहरा कोराच राहिला, तर मी माझा हुकमी एक्का काढायचो. “ताई, दुधाला विरजण लागतं ना? तसंच हे. बाळाच्या पोटाला कोणतं विरजण लागलंय, ते बघायचंय.” लगेच चेहरे उजळायचे. या उदाहरणावर मी भलताच खूश होतो. मॅडमनीसुद्धा ते एका भाषणात वापरलं, माझं नाव न घेता. याच विरजणानं पुढे माझी कशी फजिती केली, तेच सांगायला बसलोय.

काम तसं सोपं. बाळाचे नमुने तीन वेळा घ्यायचे: दहाव्या दिवशी, तिसऱ्या महिन्यात आणि वर्षाचं झाल्यावर. आईनं फोन करायचा, मी स्कूटरवर बर्फाचा डबा बांधून निघायचो. झाकणालाच चमचा असलेली डबी असते. डायपरमधल्या शीचा वाटाण्याएवढा भाग घ्यायचा, लेबल लावायचं, बर्फात ठेवायचं आणि काही तासांत बेलापूरच्या ऑफिसात, उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये पोचवायचं. अडचण एवढीच की बाळं कुणाची अपॉइंटमेंट पाळत नाहीत. भाच्याच्या साखरपुड्यात मी पंगतीला बसलो होतो. फोन चुकून स्पीकरवर लागला आणि सगळ्या हॉलनं ऐकलं, “काका, झाली! मस्त झाली! या लवकर!” जिलबी वाढणारा माझ्या ताटापाशी येऊन तसाच पुढे गेला.

एकदा उरणजवळच्या मोऱ्याच्या एका घरून नमुना घेऊन येत होतो. स्कूटर बंद पडली म्हणून शेअर रिक्षात बसलो. शेजारी एक कोळीण, तिच्याकडेही माझ्यासारखाच लाल बर्फाचा डबा. ती उतरली. थोडं पुढे गेल्यावर माझ्या पायाशी पाणी ठिबकायला लागलं आणि त्याला बोंबलाचा वास यायला लागला. उतरून मागे मासळी बाजारात पळत गेलो. बाई गिऱ्हाइकासमोर डबा उघडून बसली होती आणि हातात माझी डबी उजेडाकडे धरून बघत होती. “आरं बाबा, यो कंचा म्हावरा रं तुजा? डबीन भरून इकतंस?” मी खरं काय ते सांगितलं. सगळी मासळीची रांग हसून हसून लोळायची बाकी राहिली. बाईनं हात तीनदा धुतले आणि जाताना मला एक पापलेट फुकट दिलं. त्या दिवसापासून मी लेबल दोनदा लिहायला लागलो, एक डबीवर आणि एक झाकणावर. खिशाला कायम न पुसणारं पेन. माझ्या लेबलात कधी चूक निघायची नाही, हा माझा ताठा होता. ऑफिसातल्या पोरी माझी डबी आली की नाव तपासायच्यासुद्धा नाहीत.

दुसरा ताठा उंबऱ्याचा. मी मिशीवाला परका पुरुष आणि जायचं बाळंतिणीच्या घरी. म्हणून मी नियमच केला होता की दारात उभं राहायचं, आत पाऊल टाकायचं नाही. डायपर बाहेर यायचं, मी मोजे घालून तिथेच डबी भरायचो. या सभ्यपणामुळेच मला दारं उघडली, हे खरंच आहे. पण आत काय चाललंय ते मला कधी दिसलं नाही, हेही खरंच.

पनवेलजवळ करंजाड्याला एका चार मजली इमारतीत आक्का राहायच्या. साताऱ्याकडच्या, साठीच्या, नऊवारीतल्या, आवाज असा की खालच्या मजल्यावरचं बाळ दचकावं. मुलगा संतोष वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी, तोही नेमका मिरचीच्या गोण्यांवर. लहानपणापासून त्याला दमा. सून प्रियांका आणि नात स्वरा. संतोषमुळेच स्वरा आमच्या कामात आली होती. बापाला दमा असलेली बाळं मॅडमना मुद्दाम हवी होती. आक्कांनी माझ्यासाठी पॅसेजमध्ये एक निळी प्लास्टिकची खुर्ची कायमची ठेवली. बसलो की चहा यायचा, नाही म्हणायची सोय नव्हती.

त्याच मजल्यावर शेजारी घरमालक राहायचे, मूळ इथल्याच गावचे. त्यांची सून दीपाली, तिला स्वराच्याच वयाचा मुलगा, रुद्र. मी त्यांनाही विचारलं होतं. दीपालीच्या सासूबाईंनी दारातूनच वाटेला लावलं. “आमचे पोराचा काय पन भायेर द्येवाचा नाय. नख पन नाय.” तान्ह्या बाळाची वस्तू परक्याच्या हाती गेली की कुणी काहीबाही करतं, अशी त्यांची समजूत. मी हात जोडून परत फिरलो.

स्वराच्या तिसऱ्या महिन्यात प्रियांकाचा फोन आला म्हणून गेलो. खुर्चीत बसलो. आक्का म्हणाल्या, “जरा दम धरा दादा.” चहा आला, बिस्किटं आली, वीस मिनिटं झाली. मग डायपर आलं. मी डबी भरली, दोन्हीकडे लिहिलं आणि खुशीत निघालो.

वर्ष उलटलं. एक दिवस मॅडमनी बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, पण त्या दिवशी खुर्ची पुढे केली तेव्हाच मला घाम फुटला.

“काका, एक प्रॉब्लेम आहे. नमुन्यात बाळाच्याही पेशी असतात, त्यावरून मुलगा की मुलगी ते कळतं. करंजाड्याची स्वरा कागदावर मुलगी आहे. डबीत मुलगा आहे.”

मी म्हटलं, “शक्यच नाही.”

“मी पण तेच म्हटलं. त्या दिवशी तुम्ही आणखी दोन डब्या आणल्या होत्या. दोन्ही मुलगे, आणि त्यांत मुलगेच निघाले. मग हा तिसरा मुलगा आला कुठून?”

वरचे सर त्यांच्यापेक्षा कडक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एका लेबलात घोळ असेल तर बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? आठवड्यात उलगडा झाला नाही, तर मी आणलेले सगळे नमुने बाजूला काढायचे. सगळे! तीन वर्षांत मी उन्हातान्हात, अर्ध्या पंगतीतून उठून आणलेली प्रत्येक डबी. पहिल्या तीन महिन्यांचा नमुना पुन्हा घेता येत नाही, बाळ परत तेवढं होत नाही. म्हणजे त्या आयांनी केलेली सगळी खटपट माझ्या नावासकट कचऱ्यात. मी सगळी रजिस्टरं काढून बसलो. एकही खाडाखोड सापडली नाही. त्यानं धीर यायला हवा होता, पण उलट जास्तच भीती वाटली. खरं सांगतो, त्या दोन दिवसांत मला माझ्याच हस्ताक्षराची शंका यायला लागली.

तिसऱ्या दिवशी करंजाड्याला गेलो. निळ्या खुर्चीत बसलो. चहा समोर होता, तो प्यायलो नाही.

“आक्का, तिसऱ्या महिन्यातलं ते डायपर स्वराचंच होतं ना?”

आक्का जराही कचरल्या नाहीत. “न्हाई वो. त्ये रुद्रचं.”

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आक्का सांगतच होत्या.

“पोरीनं दोन दिस केलीच न्हाई. पिरियांकानं सकाळी फोन केला, वाटलं हुईल. पर कुठलं काय! तुमी आपलं उन्हाचं एवढ्या लांबनं आल्याला. रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं? मंग मागल्या गॅलरीत गेले न् दीपालीला हाळी दिली. तिच्या पोराची आत्ताच झालेली. कठड्यावरनं घ्येतली.”

“अहो पण आक्का...”

“तुमीच म्हनाला न्हवं, इरजान हाय म्हनून? आमच्यातलं इरजान संपलं की मी दीपालीकडनंच आनते. त्याच कठड्यावरनं. तिचं दही लई ग्वाड लागतंय.”

माझंच उदाहरण, माझ्याच गळ्यात. अंगावर आभाळ कोसळावं तसं झालं असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला, मला आधी हसूच आलं. इतकं आलं की प्रियांका बाहेर येऊन बघायला लागली. मग मी आक्कांना नीट समजावलं, या वेळी विरजणाशिवाय. प्रत्येक बाळाच्या पोटातली वस्ती वेगळी. संतोषला दमा, म्हणून स्वराच्या पोटात काय आहे हे बघायचं होतं. डबीत रुद्र गेला.

आक्कांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “म्हंजी माज्या पोरीचं तुमास्नी काईच कळलं न्हाई?”

“तिसऱ्या महिन्याचं नाही कळलं.”

“न् आता?”

“आता ते कळायचं नाही.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मलाही बरं वाटलं नाही. मी आत येत नव्हतो म्हणून त्यांना सांगता आलं नसेल की बाळाला झाली नाही, की मी ‘नसेल तर नाही म्हणा’ एवढं साधं वाक्य कधी बोललो नव्हतो म्हणून? दोन्ही चुका माझ्याच. मग मी माझी अडचण सांगितली. सगळ्या डब्या जाणार म्हटल्यावर आक्का ताडकन उठल्या. “कुठं हाय तुमचा त्यो सायेब?”

दुसऱ्या दिवशी बेलापूरच्या त्या एसी ऑफिसात आक्का आल्या. कडेवर स्वरा, मागे दीपाली, तिच्या कडेवर रुद्र. आणि दीपालीच्या मागे, माझा विश्वास बसेना, नख न देणाऱ्या सासूबाई. सरांनी खुर्च्या मागवल्या. आक्का बसल्याच नाहीत.

“सायेब, चूक माजी हाय. ह्या मानसानं आमचा उंबरा कदी वलांडला न्हाई. त्येला आतलं काय दिसनार? त्यानं ल्हिवलं ती तारीख बरूबर, वेळ बरूबर. पोर तेवडं माजं न्हवतं.”

सर म्हणाले, “आजी, तुमचं ऐकलं. पण कशावरून?”

तेव्हा दीपालीच्या सासूबाई पुढे झाल्या. सुनेनं कठड्यावरून काय दिलं होतं ते त्यांना आदल्या संध्याकाळी कळलं होतं, आणि घरात काय महाभारत झालं असेल ते मी विचारलं नाही. “ग्येला त ग्येला,” त्या म्हणाल्या. “आता यो मानूस खोटा ठराला नको. आमचे पोराचा तपासा.”

दीपालीनं फॉर्मवर सही केली. आता वाट बघायची, असं मॅडम म्हणताहेत तोवर रुद्रनं चेहरा लाल केला, मुठी आवळल्या आणि सरांच्या पाहुण्यांच्या सोफ्यावर बसल्या जागी साक्ष दिली. त्या ऑफिसात टाळ्या वाजल्या, शपथेवर सांगतो. मी मोजे चढवले. लेबल दोन्हीकडे लिहिलं.

तपासणीत दोन्ही डब्या एकाच मुलाच्या निघाल्या. मॅडमनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, “काका, तुमचा तिसरा मुलगा सापडला.” बाकीच्या डब्या जागच्या जागी राहिल्या. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “मी त्या बाईला भेटलंच पाहिजे.” त्यानंतर प्रत्येक दारात मी एक वाक्य वाढवलं: विरजण उसनं चालतं, शी चालत नाही. आणि नसेल झाली तर नुसता चहा द्या.

स्वराच्या नावापुढे तक्त्यात एक चौकोन रिकामा आहे. तो तसाच राहणार, याची हळहळ मला आजही आहे. पुढे दोन-तीन वर्षं पावसाळ्यात तिची छाती वाजायची. मॅडमनी पंप दिला. आक्का तो मास्क लावून द्यायच्या आणि मोठ्यानं श्वास मोजायच्या, खालच्या मजल्यालाही हिशेब कळायचा. हळूहळू ते कमी होत गेलं. बऱ्याच मुलांचं होतं तसं. तिचं का झालं ते आम्हाला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी नमुने घ्यायचं काम थांबलं. मी बर्फाचा डबा ऑफिसात जमा केला. थोड्याच दिवसांत संतोषचा फोन आला. दुसरी मुलगी झाली होती, बारशाला बोलावलं होतं.

मी रिकाम्या हातांनी गेलो. म्हणजे झबलं-टोपडं होतं, डबा नव्हता. पॅसेजमध्ये निळी खुर्ची होती, सवयीनं तिच्यात बसलो.

“दादा, हितं का बसलासा? आत या.”

“बरं आहे इथे.”

“आत या म्हनलं न्हवं! या बारीला सोत्ता बगायचं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो उंबरा ओलांडला. आत बायकांची गर्दी, पाळण्याला झेंडूच्या माळा. कोपऱ्यात पाच वर्षांची स्वरा गाल फुगवून फुगे फुगवत बसली होती. तिच्याभोवती सात-आठ फुगे पडले होते. मी नमस्कार-चमत्कार सोडून आधी तिच्यापाशी वाकलो आणि कान दिला. फुगा भरला, गाठ मारली, तिनं दम घेतला. शिट्टी नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

“दादा, हिकडं या,” आक्कांनी हाक मारली. त्यांनी सगळ्यांदेखत बाळाचं डायपर उघडलं. “बगा. आमचीच हाय. पोरगीच हाय. गॅलरीचं दार सकाळपास्नं लावून ठिवलंय.” दारात दीपाली आणि तिच्या सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग आक्कांनी भांड्यांच्या फळीवरून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. आमचीच डबी होती, पाच वर्षांपूर्वीची, पाकीटबंद. एक जास्तीची माझ्याकडून राहिली होती, ती त्यांनी जपून ठेवली होती.

काम बंद झालंय, हे मला सांगायला हवं होतं. फ्रीजरमध्ये आता जागा नाही, तक्त्यात या बाळाला ओळ नाही. पण आक्कांचा चेहरा बघितला आणि माझा हात खिशाकडे गेला. पेन होतंच. वाटाण्याएवढा भाग घेतला, झाकण लावलं. डबीवर आणि झाकणावर तारीख लिहिली, वेळ लिहिली. नाव अजून ठेवायचं होतं म्हणून ‘स्वराची धाकटी बहीण’ असं लिहिलं. आणि त्याखाली, या कामात पहिल्यांदाच, लिहिलं: समक्ष पाहिले.